एकपाठी गवयांचे ग्वाल्हेर

एकोणिसाव्या शतकातल्या ग्वाल्हेरच्या गवयाकडे चिजांची वही क्वचितच असे. शेकडो ख्याल, त्यांच्या अस्थायी-अंतऱ्यांचे शब्द, रागाची चाल, कोणत्या स्वरावर थांबायचे आणि कोणता नुसता स्पर्शून सोडायचा, कोणत्या मात्रेवरून मुखडा उचलायचा, हे सारे तो डोक्यात आणि गळ्यात बाळगत असे. एवढी स्मरणशक्ती कोणी जन्मतः घेऊन येत नाही. ती वर्षानुवर्षांच्या तालमीने घडवावी लागे आणि ती घडवण्याची रीत या शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बुद्धीची ताकद वाढवण्याचे उपाय, ते कोणाला द्यायचे आणि कोणापासून राखायचे याचे अलिखित नियम, आणि त्यासाठी शरीराने मोजलेली किंमत, या तिन्ही गोष्टी ग्वाल्हेर घराण्याच्या इतिहासात एकमेकींत गुंतलेल्या सापडतात. स्मरणशक्तीच्या गोळ्यांवरून आज जो वाद चालतो, त्यातला सर्वांत अवघड प्रश्न इथे फार पूर्वी उभा राहिला होता. वाढवलेल्या शक्तीवर हक्क कोणाचा, हा तो प्रश्न.

मेंदूचा भार हलका करणारे या शहरातले सर्वांत जुने साधन दगडावर कोरलेले आहे. किल्ल्याच्या चढावर, वाटेच्या कडेला चतुर्भुजाचे छोटेसे देऊळ आहे; सबंध देऊळ एका खडकातून कोरून काढलेले. तिथला विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा शिलालेख देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या २७० हात लांब व १८७ हात रुंद जमिनीची आणि रोज पुरवायच्या ५० माळांची नोंद करतो. यातल्या २७० आणि ५० मधले शून्य लहान वर्तुळाने दाखवले आहे. भारतातल्या निश्चित कालाच्या शिलालेखांत स्थानमूल्यासह आलेल्या शून्याचे हे अतिशय जुने उदाहरण. लेखाचा विषय शास्त्राचा नाही. तो फुलांचा आणि जमिनीचा साधा हिशोब आहे, आणि म्हणूनच तो मोलाचा आहे. दहा चिन्हांनी कोणतीही संख्या लिहिता आली की मोठ्या बेरजा-गुणाकार मनात धरून ठेवण्याची गरज उरत नाही. साधा लेखनिकही जाणकाराचे काम करू शकतो. नवव्या शतकात हे साधन माळ्याच्या हिशोबापर्यंत पोहोचले होते, म्हणजे ते कोणा एका घराची मिरास राहिलेले नव्हते.

संगीतातही असेच एक साधन तयार झाले, तेही मराठी मुलखात. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वर एकेकदाच वापरून त्यांचे क्रम लावले तर ५०४० निरनिराळ्या रचना होतात. इतक्या कोणाच्याही लक्षात राहणार नाहीत. शार्ङ्गदेवाने त्यासाठी खंडमेरू नावाचा आकड्यांचा तक्ता दिला. त्याच्या आधारे अमुक क्रमांकाची रचना कोणती आणि समोर आलेली रचना कितव्या क्रमांकाची, ही दोन्ही उत्तरे सगळी यादी न मांडता काढता येतात. पाठ करायची ती रीत. रचना हव्या तेव्हा उभ्या करायच्या. पुढे भेंडीबाजारचे अमान अली खाँ आणि इंदूरचे अमीर खाँ यांनी या रीतीचा, म्हणजे मेरुखंडाचा, गाण्यात पुरेपूर उपयोग केला.

राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६) याच्या दरबाराने ग्वाल्हेरला धृपदाचे मोठे केंद्र केले. त्याच्या नावावरचा ‘मानकुतूहल’ हा ग्रंथ फकीरुल्लाने सतराव्या शतकात फारसीत नेला. अकबराच्या पदरच्या गवयांची जी यादी ‘आईन-ए-अकबरी’त आहे, तिच्यात ग्वाल्हेरकरांचा भरणा मोठा आहे आणि अग्रभागी मियाँ तानसेन आहेत. त्यांची कबर महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याच्या आवारात आहे. कबरीजवळच्या चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो, या श्रद्धेपायी गवयांच्या कित्येक पिढ्यांनी तो पाला तोंडात टाकला. मूळ झाड आता नाही. त्याच्या जागी वाढलेल्या झाडाकडेही लोक त्याच भावाने हात लांबवतात. आंबट पानाने लाळ सुटते आणि घसा थोडा ओला होतो, याहून अधिक काही होत असल्याचा आधार नाही. पण मेहनतीला एखाद्या पानाची जोड मिळावी ही इच्छा त्यातून स्वच्छ दिसते.

ही इच्छा केवळ गवयांची नव्हती. चरकसंहितेत मेध्य रसायने म्हणून चार द्रव्ये सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. मराठी घरांत बाळगुटीच्या सहाणेवर वेखंड उगाळले जाई, ते वाचा आणि बुद्धी चांगली व्हावी म्हणून. काश्यपसंहितेतले सुवर्णप्राशन तर याहून मोठे आश्वासन देते: तान्ह्या बाळाला सोने उगाळून मध-तुपातून चाटवले, तर सहा महिन्यांत ते श्रुतधर होते, एकदा ऐकलेले कायमचे धरून ठेवते. त्याला पुरेसा आधार आजवर कोणी दिलेला नाही, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण त्यातून आतड्यात विषारी जंतू वाढण्याचा धोका असतो. ब्राह्मीची गोष्ट थोडी निराळी आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने तिच्यातल्या द्रव्यांवर दीर्घकाळ काम केले, आणि काही चाचण्यांत सुमारे १२ आठवड्यांच्या सेवनानंतर आठवण्याच्या कामात किंचित सुधारणा दिसली. एकपाठी होण्याइतका परिणाम मात्र कोठेही आढळला नाही. यातली बहुतेक औषधे मुलांना दिली जात. मोठ्यांची हौस आणि न बोलणाऱ्या बाळाचे शरीर अशी ही वाटणी होती.

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच लष्कर नावाचे शहर झाले. फौजेबरोबर मराठी सरदार, कारकून, भिक्षुक, कीर्तनकार आणि त्यांची कुटुंबे आली. या कारकुनी वर्गाचीही स्वतःची स्मरणविद्या होती. पंतोजीच्या शाळेत मुले तिसापर्यंतचे पाढे आणि त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी एका सुरात घोकत. रुपयाचे सोळा आणे आणि मापांचे पाव-अर्धे-पाऊण असे भाग असल्यामुळे साडेतीनचा पाढा रोजच्या कामाचा होता. दफ्तरात बसलेला कारकून मोडीत ओळ ओढता ओढता तोंडी हिशोब सोडवत असे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि या अपूर्णांकी पाढ्यांचे काम संपले. पुढच्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे झाले. घोकून मिळवलेली शक्ती ज्या कामासाठी मिळवली त्या कामापुरतीच टिकते, हे त्यातून दिसते. लष्करातल्या घरांतून सकाळी पाढे आणि सायंकाळी कीर्तन ऐकत वाढलेल्या मुलांच्या कानावर दरबारातला ख्याल पडू लागला तेव्हा पाठांतराची सवय त्यांच्या अंगात आधीच मुरलेली होती. मराठी मुले या विद्येत इतक्या लवकर का रुळली, याचे एक कारण बहुधा हे असावे.

दरबारात ख्याल आणला तो लखनौहून आलेल्या नत्थन पीरबक्ष यांच्या घराण्याने. त्यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्यापासून ग्वाल्हेर घराण्याची गायकी आकाराला आली. त्यांच्या शिक्षणाची गोष्ट घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या वेळी शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ हे तानबाजीसाठी नावाजलेले गवई होते. आपली विद्या ते दुसऱ्या घराण्याला देणे शक्यच नव्हते. तेव्हा महाराजांनी या दोन तरुणांना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचे गाणे रोज ऐकवले. काही महिन्यांनी दोघांनी भर दरबारात त्याच ताना हुबेहूब घेऊन दाखवल्या. आपली विद्या चोरली गेली हे ओळखून बडे महंमद खाँ संतापले आणि दरबार सोडून रीवेला निघून गेले.

सगळा तपशील इतिहासाला पडताळता येणार नाही. तरी ही कथा कशाचे कौतुक करते आणि कशावर पांघरूण घालते, हे पाहण्याजोगे आहे. कौतुक आहे ते दोन भावांच्या कानाचे आणि आठवणीचे. ऐकलेले तेवढ्यावर गळ्यात उतरवण्याची ताकद त्यांनी मेहनतीने कमावली होती. पण तीच ताकद दुसऱ्याची आयुष्यभराची कमाई उचलून न्यायला वापरली गेली, आणि ती चोरी राज्यकर्त्याच्या संमतीने झाली. ज्याच्या चिजा गेल्या त्याला दाद मागायला जागा नव्हती. जोवर गाणे फक्त स्मृतीत राहत होते, तोवर तीक्ष्ण स्मृतीचा माणूस घरात घेणे म्हणजे तिजोरी उघडी टाकणे होते. उस्तादांच्या ज्या कृपणपणाला पुढे सुधारकांनी नावे ठेवली, त्याचे मूळ या भीतीत आहे. खास चिजा मुलालाच द्यायच्या, शागिर्दाला अंतरा शिकवायचा नाही, परका माणूस बसला असेल तर राग बदलायचा, या साऱ्या रीती स्मृतीच्या मालमत्तेला घातलेल्या कुलुपांसारख्या होत्या.

या कथेचा उत्तरार्ध अधिक दुःखद आहे. पुढे बडे महंमद खाँ परत आले असता मियाँमल्हार गाणाऱ्या हस्सू खाँना त्यांनी ‘कडक बिजली’ची तान पुन्हा घ्यायला लावली, त्या जोरात हस्सू खाँची बरगडी दुखावून तोंडातून रक्त आले आणि त्यातच त्यांचा अंत झाला, असे सांगतात. वैद्यकाच्या कसोटीला ही हकीगत कितपत उतरेल हे बाजूला ठेवले तरी ती जपून ठेवणाऱ्या परंपरेला एक गोष्ट ठाऊक होती: शक्ती वाढवत नेली तर शरीर कधीतरी तिचा हिशोब मागते.

तालमीचे तंत्र बाहेरून साधे दिसे. पहाटे तंबोऱ्यावर खर्ज, मग सरगम, अलंकार, पलटे. एकच पलटा शेकडो वेळा, आधी संथ, मग दुगुनीत. काही घरांत चिल्ला करत, म्हणजे चाळीस दिवस जगापासून तुटून एकाच रागाची मेहनत. त्यानंतर चीज मिळे, तीही तुकड्यातुकड्याने. अस्थायी पक्की बसल्याशिवाय अंतरा नाही आणि एक राग रुळल्याशिवाय दुसरा नाही. या रीतीचा मेंदूशी असलेला संबंध विसाव्या शतकात उलगडला. अमेरिकेत अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली एका विद्यार्थ्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. एकदा ऐकून सुमारे ७ अंक ध्यानात ठेवणारा हा तरुण दीड वर्षाहून अधिक सरावाने ७९ अंक ध्यानात ठेवू लागला. तो धावपटू होता आणि अंकांचे गट शर्यतीच्या वेळा म्हणून लक्षात ठेवत होता. अंकांऐवजी अक्षरे दिली तेव्हा त्याची मजल पुन्हा ६ च्या आसपास आली. म्हणजे वाढली ती रचनेची पकड. स्मृतीची पिशवी मोठी झाली नव्हती. गवयाच्या बाबतीतही असेच घडते. पलटे अंगवळणी पडलेल्या माणसाला नवी तान म्हणजे सुटे चोवीस स्वर वाटत नाहीत, ओळखीचे तीनचार तुकडे वाटतात. हस्सू-हद्दूंच्या कथेत काही तथ्य असेल तर त्याचे रहस्य पडद्याआड बसण्याच्या आधीच्या मेहनतीत होते.

या घराण्याची विद्या मराठी मुलांपर्यंत पोहोचली ती याच दोन भावांच्या औदार्याने. हस्सू खाँनी वासुदेवबुवा जोशी, देवजीबुवा आणि बाबा दीक्षित यांना शिकवले. धर्माने आणि जातीने वेगळ्या शागिर्दांना खरी तालीम देणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. कोल्हापूरजवळच्या चंदूरचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९ ते १९२६) गुरूच्या शोधात वणवण करत, गुरुघरची कामे करत देवजीबुवा आणि मग वासुदेवबुवा यांच्याकडे शिकले आणि ही गायकी दक्षिण महाराष्ट्रात घेऊन आले. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे लहान वयात ग्वाल्हेर गाठून निसार हुसेन खाँ यांच्याकडे राहिले. त्या दिवसांची उपासमार आणि अपमान त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहेत. हेच निसार हुसेन खाँ उतारवयात ग्वाल्हेरच्या पंडितांच्या घरी राहत. त्या घरातले शंकरराव पंडित (१८६३ ते १९१७) या गायकीचे मोठे धनी झाले. मुसलमान उस्तादाचे आयुष्यभराचे भांडार ब्राह्मण शिष्याच्या घरात असे सांभाळले गेले, ही ग्वाल्हेरच्या इतिहासातली सर्वांत सुंदर घटना म्हणता येईल.

पण ही दारे सर्वांना उघडली नव्हती. ज्याला घरदार सोडून दहाबारा वर्षे गुरूच्या दारी राहणे शक्य होते, त्यालाच तालीम मिळे. खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांना ते शक्य नव्हते. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींना घराची विद्या कानावर पडूनही शिकण्याची मुभा नव्हती. शंकरराव पंडितांच्या घराण्यात व्यावसायिक गायिका होणारी पहिली स्त्री, मीता पंडित, शंकररावांची पणती आहे. तिच्या आधीच्या पिढ्यांतल्या किती मुलींनी भिंतीआडून सारे ऐकले असेल, त्यांच्यासाठी कोणत्याही महाराजाने पडदा लावला नाही.

वाढवलेली शक्ती आणि मोडलेले मन एकाच माणसात कसे राहू शकतात, याचे उदाहरण हद्दू खाँ यांच्याच घरात आहे. त्यांचे चिरंजीव रहमत खाँ (१८५२ ते १९२२) विलक्षण सुरेल गवई होते. ऐन उमेदीत त्यांचे मन ढळले. अफूचे व्यसन लागले आणि ते बेवारशासारखे भटकत राहिले. त्यांना शोधून सांभाळले विष्णुपंत छत्रे यांनी. १८८० मध्ये भारतीय सर्कस उभी करणारे छत्रे स्वतः हद्दू खाँ यांच्याकडे गाणे शिकलेले होते. गुरुपुत्राची जबाबदारी त्यांनी घेतली. खाँसाहेब सर्कशीच्या मुक्कामाबरोबर गावोगाव फिरले आणि त्यांचे गाणे हजारो लोकांच्या कानांवर पडले. त्यांना दिवस-वेळेचे भान नसे, संभाषण तुटक होई. पण तंबोरे लागले की राग अचूक उभा राही. अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीवर त्यांचा ठसा आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. अखेरचा काळ त्यांनी कुरुंदवाडला काढला.

२०१५ साली मेंदूच्या प्रतिमांवर आधारित एका अभ्यासाने असे सुचवले, की दीर्घकाळ रुजलेले संगीत मेंदूच्या ज्या भागात राहते तो भाग स्मृतिभ्रंशाच्या आजारात इतर भागांपेक्षा उशिरा झिजतो. रहमत खाँ यांचा आजार वेगळा होता, तरी कमावलेली सांगीतिक स्मृती बाकीच्या मनापेक्षा चिवट असते याची साक्ष त्यांच्या गाण्यात मिळते. त्यांच्या कहाणीतला नैतिक पेच मात्र सुटत नाही. अफूशिवाय ते अस्वस्थ होत, अफू मिळाली की गात. ती देणारे त्यांचे हितचिंतक होते आणि ऐकणारे तृप्त होत होते. व्यसनाने पोखरलेल्या माणसाकडून मिळालेले गाणे ही त्याची इच्छा होती की त्याची लाचारी, याचा निवाडा आज कोणी करू शकत नाही. छत्र्यांनी त्यांना रस्त्यावरून उचलले नसते तर ते गाणेही उरले नसते, हे तेवढेच खरे.

विसाव्या शतकाने स्मृतीवरचा भार कागदाकडे वळवला. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपल्या स्वरलिपीची पुस्तके छापली. विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवल्या. काही ठिकाणी फोनोग्राफवर उतरवून घेतल्या, काही ठिकाणी नकार ऐकला. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्रावर उभी रेघ, सप्तकासाठी वर-खाली ठिपके, अशा त्यांच्या सोप्या चिन्हांनी हजाराहून अधिक चिजा सहा भागांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त आल्या. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी त्यांना पाठिंबा दिला. दरबारातल्या निवडक गवयांना नवी पद्धत शिकायला मुंबईला पाठवले आणि जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. मुंबईहून शिकून आलेले राजाभैया पूछवाले पुढे त्याचे प्राचार्य झाले. त्याआधी १९१४ मध्येच कृष्णराव शंकर पंडितांनी (१८९३ ते १९८९) वडिलांच्या नावाने संगीतशाळा काढली होती आणि पुढे तिच्यासाठी क्रमिक पुस्तकेही लिहिली.

हा बदल दोन बाजूंनी पाहावा लागतो. चीज छापली गेली की ती कोणी पडद्याआडून चोरण्याचे कारण राहत नाही, आणि गुरूच्या दारात बारा वर्षे काढू न शकणारी मुलगी किंवा नोकरदारही ती शिकू शकतो. समाजाची मिळून स्मरणशक्ती अशी वाढली. उलट, ज्यांच्या पूर्वजांनी त्या चिजा जपल्या त्या घराण्यांचा हातातला शेवटचा हुकूम गेला, आणि त्याचा मोबदला त्यांना क्वचितच मिळाला. शिवाय स्वरलिपी पाहून गाणाऱ्याला चीज मिळते, पण स्वरांमधली हालचाल आणि जागा मिळत नाहीत. म्हणून राजाभैयांसारखे शिक्षक वर्गात पुस्तक ठेवूनही तालीम समोरासमोरच देत. तानसेनाच्या गावात शून्यानंतर स्मृतीबाहेर ठेवलेले हे दुसरे मोठे साधन होते, आणि शून्याप्रमाणेच त्याने मक्तेदारी मोडली. घराण्यांना झालेले दुःख खरे असूनही भातखंड्यांचा पक्ष न्यायाचा होता असे म्हणावे लागते.

पाठांतराने मेंदूत काय बदलते हे गेल्या तीस वर्षांत मोजले गेले. १९९५ साली गॉटफ्रीड श्लाऊग यांनी दाखवले, की सातव्या वर्षाआधी शिकू लागलेल्या वादकांत मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या पट्ट्याचा पुढचा भाग अधिक जाड असतो. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या पंडितांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. २०१६ च्या त्या अहवालात भाषा आणि स्मृतीच्या भागांत लक्षणीय फरक नोंदला आहे. जन्मतः असा मेंदू असलेलेच टिकतात की मेहनतीने तो तसा होतो, हा प्रश्न लंडनच्या टॅक्सीचालकांच्या अभ्यासाने काहीसा सोडवला. शहराचा सगळा नकाशा पाठ करणाऱ्या ७९ उमेदवारांपैकी जे ३९ परीक्षा पार झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. नापास झालेल्यांचा नाही. अशा चालकांच्या आधीच्या अभ्यासांत पुढचा भाग लहान आढळला होता आणि काही नव्या दृश्य-गोष्टी लक्षात ठेवण्यात ते इतरांहून मागे पडत होते. एका कामासाठी वाढवलेल्या मेंदूला दुसरीकडे काही सोडावे लागते.

गोळ्यांचा हिशोबही असाच संमिश्र आहे. २०१७ मध्ये जर्मनीत ३९ बुद्धिबळपटूंना मोडॅफिनिल, मेथिलफेनिडेट, कॅफीन आणि बिनऔषधी गोळी देऊन ३,०००हून अधिक डाव खेळवले गेले. औषध घेतलेले खेळाडू अधिक वेळ विचार करत बसले आणि त्यामुळे वेळ संपून अधिक डाव हरले. वेळेचा मुद्दा वगळला तर त्यांचा खेळ सुधारलेला होता. मैफलीशी अधिक जवळचा संबंध आहे तो बीटा-ब्लॉकर गोळ्यांचा. त्या स्मृती वाढवत नाहीत. धडधड आणि हाताचा कंप थांबवतात, म्हणून घडवलेली स्मृती ऐन वेळी दगा देत नाही. १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये २४ तंतुवादकांवरचा प्रयोग आला, त्यात गोळी घेतल्यावर वादन सुधारलेले दिसले. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांच्या १९८० च्या दशकातल्या पाहणीत सुमारे २७ टक्के वादकांनी या गोळ्या घेतल्याचे सांगितले, त्यांत डॉक्टरी सल्ल्याशिवाय घेणारेही बरेच होते.

झाशीच्या राणीने जिथे देह ठेवला त्या ग्वाल्हेरमध्ये १९५७ साली तिच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. आज ती देशातली या विषयाची अग्रगण्य संस्था आहे. तिथल्या खेळाडूला स्पर्धेत उतरताना राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे नियम पाळावे लागतात, आणि २०२२ पासून त्यामागे संसदेचा कायदा आहे. मोडॅफिनिल आणि मेथिलफेनिडेट स्पर्धेत वर्ज्य आहेत. नेमबाज आणि तिरंदाजाला तर बीटा-ब्लॉकर स्पर्धेबाहेरही चालत नाहीत, कारण स्थिर हात हाच त्याचा खेळ आहे. २००८ मध्ये त्याच शहरात राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने संगीत व कला विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताच्या सर्जनशील शहरांत स्थान दिले. त्या विद्यापीठाच्या परीक्षेला किंवा तानसेन समारोहाच्या मंचावर बसणाऱ्या तरुण गवयाला हा कायदा लागू नाही. चीज विसरण्याच्या भीतीने तो काय घेतो, हे विचारणारा आजही त्याचा गुरूच आहे, आणि गुरूने ते विचारावे असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.